कुस्ती बरोबरीत का सुटत नाही?

न्यूटनचा तिसरा नियम शिकवून झाला की वर्ग सहसा शांत असतो. नियम छोटा, पाठ करायला सोपा, परीक्षेत हमखास दोन गुणांचा. त्यामुळे तो समजला आहे असा शिक्षकांचा आणि विद्यार्थ्यांचा, दोघांचाही समज होतो. माझाही होता. काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात नववीच्या वर्गावर असताना, पहाटे तालमीत जाऊन मग शाळेला येणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, दोघं पैलवान एकमेकाला सारख्याच जोरानं ढकलत असतील, तर कुस्ती कायम बरोबरीतच सुटाय पायजे की!"

मी म्हणालो, "ज्याचा जोर जास्त, तो जिंकतो." तेवढ्यात तास संपला. घरी जाताना लक्षात आले, की पंधरा मिनिटांपूर्वी फळ्यावर लिहिलेला नियम मी एका वाक्यात पुसून टाकला होता. पहिला मल्ल दुसऱ्याला ४०० न्यूटन बलाने ढकलत असेल, तर दुसराही पहिल्याला ४०० न्यूटन बलानेच ढकलत असतो. एक हिंदकेसरी असो आणि दुसरा नवखा पोरगा असो, यात फरक पडत नाही. मग पडतो कोण आणि का?

दुसऱ्या दिवशी स्प्रिंगचे दोन काटे एकमेकांत अडकवले. एक टोक वर्गातल्या सर्वांत दणकट मुलाकडे, दुसरे सर्वांत किरकोळ मुलाकडे दिले. ओढाओढीत किरकोळ मुलगा फरफटत गेला. पण साऱ्या वेळात दोन्ही काट्यांवरचे आकडे जवळजवळ सारखेच होते. हे मुलांनी स्वतः वाचले पाहिजे. सांगून पटत नाही. नंतर दणकट मुलाला गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरून त्यावर उभे केले, आणि तोच घसरत पुढे आला. ताकद तीच, माणूस तोच. बदलले ते फक्त पायाखालचे.

उत्तर इथे आहे. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, पण त्या एकाच वस्तूवर नसतात. एक बल दुसऱ्या मल्लावर, एक पहिल्यावर. म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत. कोण हलणार हे ठरवताना एकेका मल्लाला वेगळे काढून, त्याच्यावर बाहेरून लागणारी सगळी बले मोजावी लागतात. त्यात जोडीदाराचा रेटा असतो, तसेच स्वतःचे वजन असते आणि जमिनीने दिलेला आधार व घर्षणही असते. कुस्ती दोघांची दिसते. प्रत्यक्षात तिसरा भिडू जमीन असते.

आकडे घालून पाहू. समजा दोन्ही मल्ल ८० किलोग्रॅमचे आहेत. प्रत्येकाचे वजन ८० × ९.८ म्हणजे ७८४ न्यूटन. पाय आणि जमीन यांतील घर्षणांक ०.६ धरू. (पायाची बोटे मातीत रुतत असल्याने खरा हिशेब इतका सरळ नसतो, पण तत्त्व कळायला हे पुरेसे आहे.) जमीन प्रत्येकाला जास्तीत जास्त ७८४ × ०.६, म्हणजे सुमारे ४७० न्यूटन घर्षण देऊ शकते. दोघांतील आडवा रेटा ४०० न्यूटन असेल तर कोणीच घसरणार नाही. झाली बरोबरी.

आता पहिल्याने जोडीदाराच्या काखेत हात घालून, रेटा देतानाच त्याला २०० न्यूटन बलाने वर उचलायचा प्रयत्न केला. दुसऱ्याचा जमिनीवरचा दाब ७८४ वरून ५८४ न्यूटनवर आला. त्याला मिळू शकणारे घर्षण उरले सुमारे ३५० न्यूटन. पहिल्यावर मात्र प्रतिक्रिया म्हणून २०० न्यूटन खालच्या दिशेने आले. त्याचा जमिनीवरचा दाब झाला ९८४, आणि घर्षणाची मर्यादा गेली ५९० वर. आडवा रेटा अजूनही दोघांवर ४०० न्यूटनच आहे. पण ४०० हे ३५० पेक्षा जास्त आणि ५९० पेक्षा कमी. दुसरा सरकला, पहिला जागच्या जागी. तिसरा नियम कुठेही मोडला नाही. उलट उचलण्याची प्रतिक्रिया पहिल्याच्याच उपयोगी पडली.

तालमीतली मुले हे गणित न करता ओळखतात. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत सकाळी अर्धा तास उभे राहिले तर वर्गात आठवडाभर पुरतील इतकी उदाहरणे मिळतात. सगळ्यात आधी नजरेत भरतो तो पवित्रा. गुडघे वाकलेले, कंबर खाली, एक पाय पुढे आणि एक मागे. सरळ उभ्या, पाय जुळवलेल्या माणसाच्या छातीवर, जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर आडवे ढकलले असे समजा. त्याचा गुरुत्वमध्य टाचेच्या कडेपासून फार तर १२ सेंटिमीटर पुढे असेल. टाचेभोवती आघूर्ण घेतले तर ७८४ × ०.१२ ÷ १.३, म्हणजे अवघ्या ७२ न्यूटन बलाने तो मागे कलंडू लागेल. पवित्र्यात हेच अंतर ४० सेंटिमीटर झाले आणि रेटा १ मीटर उंचीवर आला, तर कलंडवायला सुमारे ३१४ न्यूटन बल लागेल. वजन तेवढेच, स्थैर्य चौपटीहून अधिक.

धोबीपछाड हा डाव आघूर्णाच्या धड्यासाठीच जन्मला असावा. मल्ल जोडीदाराचा हात आपल्या खांद्यावरून ओढून घेतो, त्याच्याकडे पाठ करतो आणि आपली कंबर त्याच्या गुरुत्वमध्याच्या खाली नेतो. वर हात पुढे ओढला जातो, खाली कंबर आडवी येते. कंबर हा टेकू आणि जोडीदाराचे शरीर ही तरफ. कंबर पुरेशी खाली गेली नाही तर टेकू चुकीच्या जागी पडतो, आणि डाव टाकणाराच जोडीदाराच्या भाराखाली सापडतो. हे एकदा सांगितले की मुले तरफेचे तीन प्रकार विसरत नाहीत.

आता माती. शाहू महाराजांनी बांधवलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये सुरू झाले. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली प्रेक्षकांची जागा. हौद्यातली माती मल्ल रोज खणून भुसभुशीत ठेवतात. ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती मळलेली असते. खणणे हा व्यायाम आहेच, पण त्यात भौतिकशास्त्रही आहे. १ मीटर उंचीवरून पाठीवर आपटणाऱ्या माणसाचा वेग जमिनीला लागताना सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. कठीण जमिनीवर तो २ सेंटिमीटरमध्ये थांबला आणि मऊ मातीत ८ सेंटिमीटरमध्ये, तर अंगावर येणारे सरासरी बल जवळपास एक चतुर्थांश होते. संवेगातला बदल तोच, पण त्याला लागणारा वेळ वाढला. कुस्ती सुरू होताना मल्ल एकमेकांच्या अंगाला माती लावतात, तिचे कामही घर्षणाचेच: घामट दंडावरून पकड निसटू नये.

पृष्ठभाग बदलला की शिकलेले अंगही अडखळते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी असलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्यांची घडण मातीतली होती, आणि तिथे लढायचे होते मॅटवर. मॅटवर बोटे रुतत नाहीत, बूट घालावे लागतात, पाय वेगळा पकडतो. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले.

त्या मुलाने हे सगळे ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न टाकला. "सर, मग पूर्ण उचलला तर घर्षणच संपलं. तरी वर उचललेला पैलवान कधीकधी उलटा डाव कसा टाकतो?" या वेळी मी घाई केली नाही. उचललेल्याला जमीन काहीच देत नाही हे खरे. पण आता दोघांचे मिळून १,५६८ न्यूटन वजन उचलणाऱ्याच्या दोन पायांवर आहे, आणि दोघांचा सामाईक गुरुत्वमध्य त्या पायांमधल्या जागेच्या वरच राहिला पाहिजे. वरच्याने आपला पाय त्याच्या पायात अडकवून त्याला पाय हलवता येणार नाही असे केले आणि अंग एका बाजूला झोकले, की तो मध्य पायांच्या बाहेर जातो. मग दोघेही पडतात. खाली पाठ कोणाची लागते, ते हवेतल्या वळणावर ठरते.