बैलाच्या पाठीवरचा सिनेमा

वाशीमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. श्रावण सरत आला की या पट्ट्यातल्या बाजारांत झुली, गोंडे, घुंगरमाळा, बेगड आणि रंगाच्या डब्या दिसू लागतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी हळद-तुपानं बैलांचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी धुऊन-पुसून शिंगं रंगवायची आणि अंगावर गेरूचे ठसे उमटवायचे. तळहाताचा ठसा किंवा वाटीच्या कडेचा गोल, एवढीच पूर्वी नक्षी असे. आता त्या गोलांच्या शेजारी अक्षरं आणि चेहरेही आले आहेत. कुणी गाजलेल्या सिनेमाचं नाव लिहितो, कुणी नायकाचा संवाद, तर कुणी लाडक्या पुढाऱ्याचं नाव. २०२२च्या पोळ्याला राज्यात ठिकठिकाणी ‘पन्नास खोके’ची राजकीय घोषणा बैलांच्या अंगावर झळकली, तिची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून आली.

हा थिल्लरपणा आहे, असं म्हणून हात झटकणं सोपं. पण रंगवणाऱ्याची अडचण आधी पाहावी. बैल काही भिंतीसारखा गप्प उभा राहत नाही. माशी बसली की कातडी थरथरते, म्हणून बारीक रेघ फुकट जाते. वशिंडामागची बरगड्यांची बाजू तेवढी सपाट, जे काय लिहायचं ते तिथंच. पांढऱ्या बैलावर गेरू उठून दिसतो, पण मराठवाड्याकडून आलेल्या लाल कंधारीवर तो मुळी दिसतच नाही, तिथं पांढराच रंग हवा. वाक्य लांब असेल तर जोडीतल्या दोन बैलांवर वाटून लिहावं लागतं. तोरणाखाली जोडी उलटसुलट उभी राहिली की घोषणेचा पार विचका! एवढं सगळं सांभाळून गर्दीतल्या मागच्या माणसालाही वाचता येईल असं लिहायचं, तेही पावसाची सर यायच्या आत. जाहिरातीच्या शाळेत याहून वेगळं काय शिकवतात?

शिवाय विदर्भाला हे नवं नाही. पोळा फुटण्याआधी तोरणाखाली ज्या झडत्या म्हणतात, त्यांत देवाच्या जोडीनं सरकार, सावकार, भाव आणि सिनेमा यांची हजेरी लागतेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ची आणि पिवळीची १८८५ची सांगतात. त्यांच्या मागे निघणारे बडगे म्हणजे त्या-त्या वर्षी लोकांच्या तोंडी असलेल्या विषयांचे पुतळे: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी एखादा नेता. लोकांच्या चर्चेतलं उचलायचं, फुगवायचं आणि रस्त्यावर आणायचं, ही रीत सिनेमा बोलू लागण्याच्या कितीतरी आधीची.

गणपतीच्या बाबतीत हाच वाद अधिक तापतो. २०१५ साली ‘बाहुबली’ आला आणि त्याच वर्षी खांद्यावर शिवलिंग घेतलेले गणपती मांडवात बसले. २०२२ साली ‘पुष्पा’च्या ढबीतले आले, तेव्हा विटंबनेची ओरड झाली. मला स्वतःला दाढीवर हात फिरवणारा गणपती रुचत नाही. पण देवाचं रूप लोकप्रिय चित्रांपासून अस्पर्श होतं, हा दावा टिकत नाही. आपल्या देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती ज्या साडीत उभ्या आहेत, ती घरोघरी पोचवली राजा रविवर्म्यानं १८९४मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढं मळवलीला हलवलेल्या छापखान्यानं. बालगंधर्व रंगभूमीवर जशी नऊवारी नेसत, तशी घरोघरच्या बायका नेसू लागल्या. नंतर दलाल आणि मुळगावकर या चित्रकारांच्या कॅलेंडरांनी कृष्णाचा चेहरा ठरवून टाकला. उसनवारी जुनीच आहे. उसनं घेऊन हात स्वतःचं काय घालतो, एवढाच प्रश्न.

कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींचं उदाहरण घ्या. आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग स्वतः कॅमेरा घडवला, मग महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. जग त्यांना बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतं. त्यांच्या १९२४च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर भारतीय सिनेमाच्या आज उपलब्ध पोस्टरांपैकी सर्वांत जुनं मानलं जातं. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत होते. ‘दीवार’च्या पोस्टरवर दिवाकर करकरे यांनी रंगाचे जाड फटकारे मारले, आणि अमिताभचा राग आपल्या डोळ्यांत बसला तो तसा.

तालुक्या-तालुक्यांतले पेंटर याच घराण्यातले. दुकानाची पाटी, एसटी थांब्याची भिंत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचा वाघ, शाळेच्या भिंतीवरचे शिवाजी महाराज आणि पोळ्याचा बैल, सगळं एकाच कुंचल्याचं काम. कोपऱ्यात बारीक सही असायची, तिच्याखाली गावाचं नाव. फ्लेक्स आला आणि यातलं बरंचसं काम गेलं. फ्लेक्सवरचा नायक मुंबईत, अकोल्यात आणि अनसिंगात तोच, पिक्सेलसुद्धा तेच. बैलावरचा नायक मात्र नाकाशी थोडा चुकलेला असतो आणि त्या चुकीवरून हात ओळखता येतो. बैलांवर फ्लेक्स चिकटवता येत नाही, हे आपलं नशीब म्हणायचं. शिंगांना ऑइल पेंट न लावता साधे, धुतले जाणारे रंग वापरावेत, हे मात्र पशुवैद्य सांगतात ते ऐकलंच पाहिजे.

हे काम टिकणारं नाही. ट्रॅक्टर वाढले तशा जोड्या घटल्या आणि भाद्रपदाच्या पहिल्या सरीत रंग उतरून जातो. बाबूरावांचं एखादं पोस्टर कुणीतरी जपलं म्हणून तरी उरलं, बैलांचं तसं काहीच उरत नाही. म्हणून या पोळ्याला जोडीचा फोटो काढाल तेव्हा मालकाच्या जोडीनं रंगवणाऱ्याचंही नाव विचारा, आणि फोटो पुढं पाठवताना ते खाली लिहा.