रायफल, आटोपशीर बोल्ट

काडतूस नळीत सारणे, नळीचे मागील तोंड बंद करणे व रिकामे कवच बाहेर टाकणे ही कामे ज्या रायफलीत हाताने सरकवावयाच्या बोल्ट नावाच्या दंडगोलाकार भागाने होतात, तीस बोल्ट रायफल म्हणतात. नळी सु. ४० ते ५० सेंमी. व वजन सु. २ ते ३ किग्रॅ. असलेली अशी रायफल आटोपशीर समजली जाते. प्रशियाने १८४१ मध्ये स्वीकारलेली ड्रायझे सुई-रायफल ही या प्रकारची पहिली प्रमुख सैनिकी रायफल होय. १८९८ च्या जर्मन माउझर रायफलीची रचना पुढील अनेक शिकारी रायफलींना आधारभूत ठरली.

आखूडपणा निर्वेध लाभाचा नसतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासून, ब्रिटिशांनी .३०३ ली-एनफील्डची आखूड आवृत्ती जंगलातील लढाईसाठी तयार केली. नळी सु. ६४ सेंमी. वरून सु. ४८ सेंमी. वर आली व वजन घटले. परंतु काडतूस तेच राहिल्याने खांद्यास बसणारा धक्का व नळीच्या तोंडाशी होणारा जाळ वाढला. म्हणून रायफल निवडताना प्रथम काडतूस ठरवावे व नंतर लांबी.

प्रशिक्षण व रंजन यांसाठी १८८७ मध्ये प्रचारात आलेले .२२ लाँग रायफल हे काडतूस सर्वांत सोयीचे आहे. त्यातील अल्प दारू सु. ४० सेंमी. नळीतच बहुतांशी जळत असल्याने आखूड नळीने गोळीचा वेग फारसा कमी होत नाही. धक्काही नाममात्र असतो. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने चालवावा लागत असल्याने नवशिक्यास सावकाश नेम धरण्याची सवय लागते आणि बोल्ट उघडताच नळी रिकामी आहे किंवा नाही हे दिसते. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेतही .२२ रायफलीवर नेमबाजी शिकविली जाते.

चापापासून दस्त्याच्या मागील कडेपर्यंतचे अंतर प्रौढांसाठी सु. ३४ ते ३५ सेंमी. असते. लहान चणीच्या व्यक्तीस ते कमी लागते. अन्यथा मान ताणली जाऊन नेम बिघडतो. डावखुऱ्यास डाव्या बाजूचा बोल्ट सोयीचा पडतो.

शिकारीत .२२ ची मर्यादा सशासारख्या लहान प्राण्यांपुरतीच आहे. तिच्या गोळीची ऊर्जा २०० जूलांहूनही कमी असते. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी कायद्याने किमान सु. २,३०० जूल ऊर्जा आवश्यक मानली आहे. अपुऱ्या शक्तीची गोळी प्राण्यास न मारता जखमी करते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे छंद म्हणून वन्य प्राण्यांची शिकार करता येत नाही. रायफल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. त्यामुळे येथे या रायफलीचे क्षेत्र मुख्यतः नेमबाजीचे मैदान हेच आहे. ऑलिंपिकमधील ५० मी. स्पर्धेतही याच व्यासाचे काडतूस वापरतात, मात्र रायफल जड व लांब असते. लक्ष्याच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिमी. असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले.

काडतूस लहान असले, तरी .२२ ची गोळी दीड किमी. पलीकडे जाऊ शकते. म्हणून मैदानात लक्ष्यामागे गोळी अडविणारा भक्कम बांध असावा लागतो. रायफल सदैव भरलेलीच आहे असे मानून तिचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवणे आणि नेम धरेपर्यंत चापावर बोट न ठेवणे, हे प्रशिक्षणातील पहिले नियम होत.