व्हॉल्व्हचा रेडिओ : जुने सोने, नवी जबाबदारी

‘जुने ते सोने’ अशी आपल्याकडे म्हण आहे. माळ्यावर पडलेल्या पितळी समया, शिसवी पाट, तांब्याचे हंडे यांना आज पुन्हा भाव आला आहे. त्यांच्या पंगतीला आता व्हॉल्व्हचे रेडिओ आणि अॅम्प्लिफायरही येऊन बसले आहेत. कोणी ते जुन्या बाजारातून विकत आणतो, कोणी आजोबांचा रेडिओ पुसून दिवाणखान्यात मांडतो. पण समई पुसून ठेवली की काम संपते, रेडिओचे तसे नाही. तो शोभेच्या वस्तूसारखा दिसला तरी विजेवर चालणारे यंत्र आहे, आणि त्याचे वय पन्नास-साठ वर्षांचे आहे, हे विसरून चालणार नाही.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाची आणि माझी वाट वेगळी झाली. परंतु माझे मामा तालुक्याच्या गावी रेडिओ-मिक्सर दुरुस्त करतात. सुटीत त्यांच्या बाकड्याशेजारी बसून जे विचारले आणि पुढे ग्रंथालयात वाचून पडताळले, तेच येथे सोप्या भाषेत मांडीत आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1904 साली पहिला व्हॉल्व्ह तयार केला. 1906 साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात तारेची एक जाळी वाढवली आणि त्यातूनच पुढे क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली. आपल्या देशातही बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एके काळी व्हॉल्व्ह बनत. 1947 साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि हळूहळू व्हॉल्व्ह मागे पडला.

या नळीतील एक भाग तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांना पलीकडच्या पट्टीकडे ओढून घेण्यासाठी मोठा दाब लागतो. खिशातला ट्रान्झिस्टर दोन सेलवर चालतो, पण व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे व्होल्टच्या आसपास आणि मोठ्या अॅम्प्लिफायरमध्ये चारशे व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक दाब असतो. आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची. म्हणजे भिंतीतल्या विजेपेक्षाही जास्त दाब त्या लाकडी पेटीत असू शकतो.

बरे, प्लग काढला म्हणजे धोका टळला का? नाही! आवाजातील घरघर घालवण्यासाठी आत मोठे कंडेन्सर बसवलेले असतात. रांजणात पाणी साठावे तशी त्यांत वीज साठते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ, कधी कधी बराच काळ, तशीच राहते. जाणता कारागीर आधी ती वीज योग्य रोधातून उतरवतो, मीटरने खात्री करतो आणि मगच आत हात घालतो. मामा तर मोजणी करतानाही एक हात पाठीमागे ठेवतात. दोन्ही हात यंत्राला लागले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाते, हे त्यामागचे कारण.

दुसरा धोका याहून फसवा. स्वस्तातल्या काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो, घरातली वीज सरळ आत घेतलेली असते. अशा रेडिओचा आतला पत्र्याचा सांगाडा विजेच्या एका तारेलाच जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग एका बाजूने घातला तर सांगाडा न्यूट्रलवर आणि उलटा घातला तर थेट फेजवर! कधी कधी बटण बंद असतानाही तो जिवंत राहतो. बाहेरची लाकडी पेटी, पाठीमागचा पुठ्ठा आणि बटणांच्या टोप्या हेच काय ते संरक्षण. एखादी टोपी हरवली की आतला लोखंडी दांडा उघडा पडतो, आणि लहान मुलाचे बोट नेमके तेथेच जाते.

तिसरा धोका आगीचा. मोठ्या व्हॉल्व्हची काच 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते. ती उष्णता बाहेर जावी म्हणून पुठ्ठ्याला भोके ठेवलेली असतात, आणि आपण हौसेने वरून भरतकामाचे कापड पांघरतो! आतल्या तारांवरचे रबर वयोमानाने कडक होऊन तडकते, उरलेले उंदीर कुरतडतात. जुने कंडेन्सर गळके होतात, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर भलतेच तापतात. अशा वेळी फ्यूज जळतो, तो आपल्याला वाचवण्यासाठीच. त्याच्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे राखणदाराला बांधून ठेवून दार उघडे टाकणे होय.

काही जण म्हणतात, ‘आमच्याकडे आर.सी.सी.बी. बसवला आहे, आम्हांला भीती नाही.’ हे उपकरण घरात अवश्य असावे. घरासाठी ते साधारणपणे 30 मिलिअँपिअरचे घेतात. परंतु ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे उच्च दाबाच्या ठिकाणी हात लागला, तर ही गळती त्याला कळतच नाही.

मग जबाबदारी कोणाची? रेडिओ तयार करणारे कारखाने बहुतेक बंद झाले आहेत. जुन्या बाजारातला विक्रेता ‘चालू आहे’ एवढेच सांगतो. छंदिष्ट माणूस म्हणतो, ‘माझा जीव, माझी हौस.’ पण घर त्याच्या एकट्याचे असते का? त्याने धोका समजून उमजून पत्करलेला असतो. धूळ पुसणाऱ्या आईने किंवा रांगत्या भाच्याने तो कधी पत्करला?

आमच्या घरी आजोबांचा असाच रेडिओ आहे. त्याच्या पाठीवर इंग्रजीत छापले आहे की, मागचा पुठ्ठा काढण्यापूर्वी वीज तोडावी. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. आई तो रेडिओ वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने पुसत आली, पण ते वाक्य तिला वाचून दाखवणारे कोणी नव्हते. मी अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, “अगं बाई, आणि मी भोकांतून फडके आत घालून पुसते!” मामांनी येऊन रेडिओची वायरच काढून ठेवली. आजोबा थोडे हिरमुसले. परंतु कंडेन्सर, वायर आणि फ्यूज बदलून होईपर्यंत तो मुकाच राहील, असे ठरले आहे.

ज्यांच्या घरी असे यंत्र असेल, त्यांनी एवढे तरी करावे. वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ चालतो का हे पाहण्यासाठी एकदम प्लग लावू नये, आधी जाणत्याला दाखवावा. पत्र्याचा उघडा सांगाडा असलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या अॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग व अर्थिंग जोडून घ्यावे. बिनट्रान्सफॉर्मरच्या रेडिओला मात्र ती जोडणी स्वतः करू नये. त्याला काय करायचे ते कारागीरच ठरवील. पुठ्ठा आणि टोप्या जागेवर असाव्यात. वर कापड नको, भोवती हवा हवी. चालू ठेवून घराबाहेर जाऊ नये. आणि शेवटचे, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्यांना पाठीवरचे इंग्रजी वाचता येत नाही त्यांना, धोका आपल्या भाषेत समजावून सांगावा.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिले शिकणारे आहोत. आपल्याला वाचता येते याचा उपयोग परीक्षेपुरता ठेवू नका. आज घरी गेल्यावर जुन्या यंत्रांच्या पाठीवर काय लिहिले आहे ते वाचा, आणि मोठ्याने वाचा.