बिघाड यंत्राचा, बोल कामगाराला



कामगार चळवळीतल्या माणसाने छपाईयंत्राच्या पोटात हात का घालावा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. त्या यंत्रातल्या केसाएवढ्या भेगेपायी कळमनुरीतल्या एका पोराचा पगार कापला जात होता.

लग्न, जयंती, निवडणूक, काहीही असो, चौकात फ्लेक्स लागतो. तो छापणारे यंत्र माणसाच्या उंचीहून रुंद असते. चित्र संगणकात तयार होते आणि नेटवर्कच्या वायरीतून यंत्राकडे जाते. ही वायर क्षणभर तुटली तर शाईचे डोके मध्येच थांबते, आधीची शाई वाळते आणि फ्लेक्सवर आडवा पट्टा उमटतो. माल वाया. एका दुकानात हे वारंवार होऊ लागले. सकाळी यंत्र गुणाने चाले, दुपारी अडे, आणि बंद करून पुन्हा लावले की काही वेळ चाले. मालकांनी ठरवले की, पोरगा वायरीला धक्का लावतो. आम्हीही निर्दोष नव्हतो. आम्ही पाहण्याआधीच ठरवले होते की, मालकांनी हलकी वायर घेतली असणार. दोघांचाही निकाल तयार होता, चौकशी मात्र कोणीच केली नव्हती.

कायमचा बिघाड प्रामाणिक असतो, तो जागेवर सापडतो. अधूनमधूनचा बिघाड साक्षीदार पाहिला की पळतो. त्याला पकडायचे पहिले हत्यार म्हणजे वही. आम्ही त्या पोराला सांगितले, "बाबा, यंत्र अडले की वेळ लिही, ते किती तास चालू होते ते लिही, आणि दिवा पाहा." वायर जेथे बसते तेथे बारीक दिवा असतो. दिवा जळत असताना काम थांबले, तर दोष बहुधा प्रोग्राममध्ये, किंवा दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता दिलेला असतो. दिवाच विझला तर दोष वायरीच्या वाटेवर. आठ दिवसांची वही सांगत होती की, दर वेळी दिवा विझला, आणि बहुतेक वेळा यंत्र तासदोन तास तापल्यावर.

दुसरा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर यंत्र सुरू होईलही, पण दोषी कोण ते कळणार नाही. आम्ही प्रथम वायर बदलली, बिघाड राहिला. जुनी वायर दुसऱ्या संगणकाला लावली, ती बिनतक्रार चालली. म्हणजे आमचा आरोप खोटा ठरला. मग जोडणीच्या डब्यातले, म्हणजे स्विचमधले, भोक बदलले. मग स्विचच काढून संगणक थेट यंत्राला जोडला. बिघाड तसाच. आता संशयित एकच उरला, तो म्हणजे यंत्राचा सर्किट बोर्ड.

यापुढचे काम जाणत्या मेकॅनिकचे. यंत्रात विजेचा जबर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ साठून राहतो. मेकॅनिकने झाकण काढले. संगणकाकडून यंत्राला दर सेकंदाला हाक जाईल आणि उत्तर येईल अशी व्यवस्था केली. मग लाकडी काडीने सॉकेटजवळ हलके दाबले. हाकेला उत्तर येईना. सोडले, उत्तर आले. नंतर यंत्र बंद करून भिंगातून पाहिले, तर सॉकेटच्या एका पायाभोवती डाखात अंगठीसारखी बारीक भेग होती.

ही भेग का पडते? बोर्ड काचतंतू आणि राळेचा असतो. तापला की जाडीच्या दिशेने तो तांब्यापेक्षा अधिक फुगतो, निवला की आकसतो. रोजच्या या ओढाताणीने डाख थकतो. त्यात धावत्या डोक्याचे हादरे आणि लोंबत्या वायरीचे ओझे. आपला मराठवाड्याचा उन्हाळा त्यात भर घालतोच. मेकॅनिकने राळ लावून सांधा पुन्हा तापवला, नवा डाख दिला आणि वायर भिंतीला बांधून तिचे ओझे काढले.

येथे थांबू नये. हा बिघाड आपोआपही नाहीसा होतो, म्हणून "आज चालले" हा पुरावा नव्हे. आम्ही आणखी आठ दिवस, त्याच दुपारच्या वेळी, तीच वही चालू ठेवली. एकही नोंद पडली नाही, तेव्हा कोठे निकाल दिला.

ती वही आम्ही मालकांपुढे ठेवली. ते बराच वेळ पाने उलटत राहिले. पुढच्या पगारात कापलेले पैसे परत आले. नुकसानीपोटी वेतन कापण्याआधी कामगाराला आपली बाजू मांडू द्यावी, हे तत्त्व १९३६च्या वेतन अदायगी कायद्यात होते आणि २०१९च्या वेतन संहितेतही आहे. पण बाजू मांडायला हातात काही असावे लागते. त्या पोराच्या हातात दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही होती.

आमचे शिक्षण दहावीपलीकडे गेले नाही. तरी इतके शिकलो की, यंत्राची चौकशी आणि माणसाची चौकशी यांची रीत एकच आहे. आधी नोंद, मग एकेक संशयित, आणि निकाल सर्वांत शेवटी.