पहुडून चालवायची सायकल, तीही घरातल्या घरात

धार लावणारा गावात येतो, सायकल स्टँडवर उभी करतो आणि पायडल मारू लागतो. चाक फिरतं, त्यावरच्या पट्ट्यानं दगड फिरतो, विळ्या-कोयत्यांना धार चढते. सायकल मात्र बोटभरही पुढं सरकत नाही. शहरात 'ट्रेनर' नावाचं जे यंत्र मिळतं, त्यामागची कल्पना हीच. लोखंडी स्टँडमध्ये सायकलचं मागचं चाक दोन्ही बाजूंनी आसाला घट्ट धरलेलं असतं आणि टायरला एक रूळ टेकलेला असतो. रुळाला चुंबकानं किंवा तेलात फिरणाऱ्या पंख्यानं अडथळा होतो. तो अडथळा म्हणजे तुमचा चढ.

आता दुसरी गोष्ट. या ट्रेनरवर नेहमीची सायकल न लावता 'रिकंबंट' लावली तर? रिकंबंट म्हणजे आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसून, पाय पुढं करून चालवायची सायकल. पायडल पुढच्या टोकाला असतं, साखळी नेहमीच्या साखळीच्या दुप्पट-तिप्पट लांब असते आणि पाठीला पूर्ण टेका मिळतो. आमच्या कुरुंद्यात माझी ही सायकल ओसरीवर ट्रेनरला लावलेली दिसली, की लोक आधी हसतात आणि मग थोडं बसून बघू का म्हणून विचारतात. तीस वर्षं मोटारसायकलवरून शाळेला ये-जा केल्यानं माझी कंबर गेली. साध्या सायकलवर वाकून बसलं की दहा मिनिटांत पायात कळ उतरायची. साखर वाढलेली, डॉक्टरांचं म्हणणं व्यायाम थांबवू नका. म्हणून पुण्याहून ही जुनी सायकल आणली.

ही सायकल काही आजची नाही. शार्ल मोशे या फ्रेंच माणसानं अशी सायकल बनवली आणि तिच्यावर बसून फ्रान्सिस फोर या सायकलपटूनं १९३३ च्या जुलैत पॅरिसला एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा विक्रम ऑस्कर एगचा, १९१४ सालचा, ४४.२४७ किलोमीटरचा होता. फोर हा काही पहिल्या फळीतला खेळाडू नव्हता. मग फरक पडला कशानं? वाऱ्यानं. पहुडलेल्या माणसाला समोरून वारा कमी लागतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते. तेव्हा वारा चुकवणारा जिंकणारच. १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. माझ्या मते तो निर्णय सायकलच्या भल्याचा नव्हता, पण तो विषय वेगळा.

ओसरीवर वारा कापायचाच नसतो. म्हणजे ज्या गुणासाठी ही सायकल नावाजली, तो ट्रेनरवर उपयोगाचा नाही. उरतं ते फक्त बसणं. आणि ज्याची मान, मनगटं किंवा बैठक साध्या सायकलला कंटाळली आहे, त्याला तेवढंच हवं असतं. हातांवर भार नाही, मान वर करायची नाही, टोचणारी सीट नाही. तोल सांभाळायचा नसल्यामुळं म्हातारा माणूसही बसू शकतो. मात्र सगळ्या कंबरांना हे मानवतं असं नाही. काहींना रेलून पाय पुढं केले की उलट कळ वाढते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हट्ट करू नये.

बसवताना पहिली अडचण चाकाची. बऱ्याचशा ट्रेनरची मापं मोठ्या चाकासाठी असतात आणि काही रिकंबंटचं मागचं चाक वीस इंचीच असतं. ते रुळापर्यंत पोचत नाही. घेण्याआधी हे मोजून पाहा. दुसरी गोष्ट, ट्रेनर मागचं चाक थोडं उचलून धरतो. त्यामुळं सायकल पुढं कलते आणि पहुडलेला माणूस पायडलच्या दिशेनं घसरू लागतो. साध्या सायकलवर हे फारसं जाणवत नाही, इथं लगेच जाणवतं. पुढच्या चाकाखाली मागच्या उंचीइतकी फळी घाला. पायडलला पट्टे हवेत, कारण पाय उंचावर असले की टाचा खाली ओढल्या जातात आणि पाय निसटतो.

सगळ्यात महत्त्वाचं माप सीट आणि पायडलमधल्या अंतराचं. टाच पायडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. इथं चूक महागात पडते. साध्या सायकलवर फार तर आपल्या वजनाएवढा भार पायडलवर टाकता येतो, जास्त झालं की माणूस सीटवरून उठतो. रिकंबंटवर पाठ टेकलेली असते. भिंतीला पाठ लावून बैलगाडी ढकलावी तसा जोर लागतो आणि तो सगळा गुडघ्यातून जातो. म्हणून गिअर हलका ठेवावा आणि पाय भरभर फिरवावेत, मिनिटाला ऐंशीच्या आसपास. पहिले काही आठवडे मांड्या लवकर भरून येतात, कारण स्नायू वेगळ्या तऱ्हेनं कामाला लागलेले असतात. पायांना मुंग्या आल्या तर बूट सैल करा, उतरा, चार पावलं चाला. साखरेच्या रुग्णांनी तर मुंग्या अंगावर काढूच नयेत.

आता उन्हाळ्याचं. आपलं शरीर खर्च केलेल्या शक्तीपैकी जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलला देतं, बाकीची उष्णता होते. शंभर वॅटचं काम केलं तर तीनशे-चारशे वॅट उष्णता अंगात तयार होते. रस्त्यावर ती वारा घेऊन जातो, ओसरीवर ती तिथंच साचते. त्यात पाठ सीटला चिकटलेली. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये हा खेळ पहाटेच करावा. पंखा पायांच्या बाजूनं छातीवर येईल असा ठेवावा आणि लाइट गेली तर त्या दिवशी सुट्टी. फोमच्या गादीपेक्षा बाजेसारखी नवार विणलेली सीट कितीतरी बरी, पाठीला वारा तरी लागतो.

नवी रिकंबंट आपल्याकडं महाग आहे आणि सहज मिळत नाही. बसण्याची हीच पद्धत असलेली व्यायामाची बैठी सायकल पुष्कळ व्यायामशाळांत आणि फिजिओथेरपीच्या खोल्यांत असते. नुसता व्यायाम हवा असेल तर तीच घ्या. ट्रेनरचा खटाटोप त्यानं करावा, ज्याला पुढं याच सायकलवरून रस्त्यावर जायचं आहे.

मला जायचं आहे. पण ट्रेनर पायांना तयार करतो, तोल शिकवत नाही. पहुडून बसल्यावर अंग हलवून तोल सावरता येत नाही, सगळं हँडलवर येतं, आणि निघतानाचा पहिला पायडल सगळ्यात अवघड. ती सवय सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मोकळ्या मैदानावर करावी लागते. शिवाय ही सायकल इतकी बुटकी, की उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्याला ती दिसतच नाही. म्हणून सीटच्या मागं पुरुषभर उंचीची वेताची काठी बांधली आहे आणि तिला लाल फडकं. कारखान्यांचा हंगाम संपला की बाहेर काढेन.