छेद लहान, काळजी मोठी

हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन म्हटलं की छातीवरचा वीतभर व्रण डोळ्यांपुढे येतो. पण हल्ली पुष्कळदा बरगड्यांमधल्या लहान छेदातून झडप दुरुस्त करतात. कधी जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन अरुंद झडप उघडतात. ही फुग्याची रीत जपानच्या डॉ. कांजी इनोए यांनी १९८४ साली प्रसिद्ध केली. लहानपणच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांत बायकाच अधिक, म्हणून हा विषय आपल्या घरातला.

निफाड-दिंडोरीची एखादी सून मुंबईला ऑपरेशन करून, कसारा घाट चढून घरी येते. व्रण दिसतही नाही. मग चार दिवसांत पाण्याची कळशी तिच्या हाती! इथेच चुकतं. बाहेरचा छेद लहान असला तरी आतला रक्तस्राव लहानच असेल असं नाही.

पहिले दिवस

जड उचलणं, उकिडवं बसणं डॉक्टर सांगतील तोवर बंद. जांघेतून रक्त आलं किंवा गाठ फुगू लागली, तर तिला उताणं निजवा, त्या जागी तळव्याने घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. दम लागणं, घेरी, थंड घाम ही हृदयाभोवती रक्त साठल्याची खूण असू शकते. हे काही आठवड्यांनीही होतं. थांबू नका.

गोळीचा तोल

झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून अनेकींना वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम देतात. गोळी कमी पडली तर पक्षाघाताची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. म्हणून आयएनआरची तपासणी. तो आकडा बहुधा २ ते ३ मध्ये ठेवतात. तुमचा किती, ते डॉक्टरांना विचारा. सुरगाणा-पेठहून नाशिकला यायचं म्हणजे दिवस मोडतो खरा, पण तारीख चुकवू नका.

मेथी, पालक खा, पण बेताने आणि नेहमी सारख्याच प्रमाणात. थंडीत भाजी स्वस्त झाली म्हणून रोज जुडी नको. कंबर दुखली तरी मनाने गोळी आणू नका. दात काढायचा असेल तर आधी सांगा. एक गोळी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

न बोललेली गोष्ट

या गोळ्यांनी पाळीत फार जाऊ लागतं. बाई लाजेने गप्प राहते आणि अंगातलं रक्त घटत जातं. सासूबाईंना नाही तर नाही, डॉक्टरांना सांगाच. मूल हवं असेल किंवा पाळी चुकली, तर लगेच भेटा. या गोळ्या गर्भाला बाधतात. मात्र आपण होऊन बंद करू नका.

डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, डोक्याला मार किंवा एकाएकी भयंकर डोकेदुखी: यांपैकी काहीही झालं तर तडक इस्पितळ गाठा.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजची गोळी आणि तपासणीचा आकडा लिहीत जा. दुधाचा हिशेब आपण ठेवतोच ना? हाही ठेवा.