रुळातली वीज इंजिनात

बागेत खेळण्यातल्या आगगाडीसाठी ३० मीटर लांबीचा रूळ टाकायचा तर एलजीबी या जर्मन बनावटीच्या गाडीचे ३० सेंटिमीटरचे १०० पितळी तुकडे लागतात. दोन्ही बाजूंचे मिळून जवळजवळ दोनशे सांधे होतात आणि त्या प्रत्येक सांध्यातून वीज पुढे सरकावी लागते, कारण गाडीची मोटर रुळातल्या विजेवरच चालते. एका रुळात धन टोक, दुसऱ्यात ऋण. इंजिनाची चाकं ती वीज उचलून मोटरला पुरवतात. घरात, कोरड्या फरशीवर ही व्यवस्था वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते. बागेत मात्र पाऊस येतो, पहाटे दव पडतं, झाडांचा चीक गळतो, गोगलगाय रुळावरून सरपटत जाते आणि पितळेवर काळपट थर चढतो. मग गाडी एका सांध्यापाशी अडखळते, पुढच्या सांध्यापाशी थांबते. रविवारची सकाळ गाडी चालवण्यात जायची, ती गुडघ्यावर बसून रूळ घासण्यात जाते.

या अडचणीवर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी शोधलेला उपाय म्हणजे इंजिनाच्या पोटात बॅटरी बसवणं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळे बागेतली रेल्वे पार बदलली, आणि खेळण्यातली आगगाडी खऱ्या इंजिनासारखी वागायला शिकली.

बागेत गाडी चालवण्याची हौस जुनी. चावीची आणि वाफेची छोटी इंजिनं इंग्लंडातल्या बागांमधून फार आधीपासून धावत. पण सामान्य घरांत ही हौस पोचली ती १९६८ नंतर. एर्न्स्ट पॉल लेमान ही १८८१ साली ब्रांडेनबुर्ग इथे सुरू झालेली, पत्र्याच्या खेळण्यांसाठी नावाजलेली जर्मन कंपनी दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गला आली आणि तिथे तिने १९६८ मध्ये ‘लेमान ग्रोस बान’, म्हणजे एलजीबी, ही मोठ्या आकाराची गाडी बाजारात आणली. रुळांमधलं अंतर ४५ मिलिमीटर. मीटरगेजची गाडी साडेबावीस पटींनी लहान केली की जवळपास तेवढंच अंतर येतं. पहिलं इंजिन होतं ‘श्टाइन्झ’, चार चाकांचं, बुटकं, ऑस्ट्रियातल्या एका लहान गेजच्या इंजिनावर बेतलेलं. पाऊस-बर्फ सोसेल असं प्लॅस्टिक आणि मुलांच्या हाताळणीला पुरून उरेल असा दणकटपणा, या दोन गुणांवर ही गाडी जगभर गेली. अमेरिकेत १९८४ ते २०२० अशी छत्तीस वर्षं ‘गार्डन रेल्वेज’ नावाचं नियतकालिक निव्वळ या छंदावर चाललं.

बॅटरीवरचं इंजिन ही कल्पना काही या हौशी लोकांची नव्हे. ॲबर्डीनच्या रॉबर्ट डेव्हिडसनने १८४२ साली ‘गॅल्व्हनी’ नावाचं पूर्ण आकाराचं बॅटरीचं इंजिन एडिंबरा-ग्लासगो मार्गावर चालवून दाखवलं होतं. वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास. जस्त आणि आम्लाच्या त्या बॅटऱ्या व्यवहारात परवडणाऱ्या नव्हत्या. बागेतल्या गाड्यांचीही सुरुवातीला हीच रड होती: शिसं-आम्लाची जड बॅटरी एखाद्या डब्यात ठेवायची आणि तो डबा सतत इंजिनामागे जोडून ओढायचा. मग निकेल-कॅडमियम आले, निकेल-मेटल हायड्राइड आले. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन सेल विक्रीला आणले आणि पुढे लॅपटॉपमुळे १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा सेल सगळीकडे मिळू लागला. हा सेल एलजीबीच्या आकाराच्या बॉयलरमध्ये आरामात आडवा झोपतो. तिथून पुढे मागच्या डब्याची गरज उरली नाही.

बॅटरी इंजिनात गेली की रुळाकडे वाट दाखवण्याचं एकच काम राहतं. मग तो पितळेचाच हवा असं नाही. ॲल्युमिनियम स्वस्त, पण त्यावर वीजरोधक थर चढतो म्हणून रुळातून वीज घेणारे त्याच्या वाटेला जात नाहीत. बॅटरीवाल्याला तो थर असला काय, नसला काय. आणखी मोठी सोय वळणाची. गाडी गोल फिरवून आल्या वाटेने परत पाठवायची, तर डावा रूळ फिरून उजव्याला येऊन मिळतो. रुळात वीज असेल तर तिथेच शॉर्टसर्किट. ते टाळायला खास जोडण्या कराव्या लागतात. बॅटरीच्या गाडीला हा प्रश्नच पडत नाही. एकाच मार्गावर दोन माणसं दोन इंजिनं आपापल्या रिमोटने चालवू शकतात, एक चढावर, दुसरं स्टेशनात उभं.

बदल करण्याच्या कामाचे दोन प्रकार आहेत. मुळातच चांगली मोटर आणि चांगले गिअर असलेलं इंजिन घेतलं, तर काम सोपं असतं. चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या तारा तोडायच्या, रुळाचा मोटरशी कुठेही विद्युतसंबंध उरलेला नाही हे मल्टिमीटरने तपासायचं, आणि मध्ये बॅटरी, स्विच, फ्यूज नि २.४ गिगाहर्ट्झ रेडिओचं वेगनियंत्रक सर्किट बसवायचं. तपासणीची पायरी गाळली आणि एखादी तार राहिली, तर दुसऱ्याच्या वीज असलेल्या रुळावर गाडी ठेवताक्षणी सर्किट जळतं. रिमोटवर चालणाऱ्या मोटारगाडीचं वेगनियंत्रक शक्यतो वापरू नये. त्यातली बरीच सर्किटं उलट दिशेला कळ दाबली की आधी ब्रेक लावतात, आणि यार्डात डबे मागे-पुढे करताना त्याचा वैताग होतो. बॉडी पितळेची असेल तर अँटेनाला बाहेर डोकावायला जागा ठेवावी, कारण धातू रेडिओलहरी अडवतो.

दुसरा प्रकार माझ्या मते या कलेचा गाभा आहे: जत्रेत किंवा खेळण्यांच्या दुकानात मिळणारी, पेन्सिल सेलवर सुसाट पळणारी प्लॅस्टिकची गाडी घेऊन तिचं इंजिन करणं. अशा गाडीत वेगाचं नियंत्रण नसतं, बरेचदा उलट दिशाही नसते. ती सेकंदाला मीटरभर पळते. १९ पटींनी लहान केलेल्या गाडीच्या हिशोबात हा वेग ताशी ६८ किलोमीटर होतो. डोंगरातल्या छोट्या गाडीला तो शोभत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचं गेज ६१० मिलिमीटर आहे. १९ ने भागलं की ३२ मिलिमीटर येतात, आणि इंग्लंडातल्या बागांमध्ये ३२ मिलिमीटरचा रूळ हा एक रुळलेला प्रकार आहे. म्हणजे माथेरानची गाडी तिथल्या रुळावर जशीच्या तशी बसते. ही गाडी एकवीस किलोमीटरच्या घाटाला दोन तासांहून जास्त घेते. आता मिनिटाला १०० फेरे घेणारी गिअरची मोटर घ्या आणि ३० मिलिमीटर व्यासाची चाकं. एका फेऱ्यात ९४ मिलिमीटर, मिनिटाला ९.४ मीटर, तासाला ५६४ मीटर. १९ ने गुणलं की ताशी पावणेअकरा किलोमीटर. अगदी माथेरानच्या गाडीचा वेग! ही मोटर म्हणजे एन-२० नावाची बोटाच्या पेराएवढी गिअरमोटर. रोबो करणाऱ्या शाळकरी मुलांमुळे ती पुण्यात बुधवार पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते. खेळण्यातली मूळ मोटर काढून ही बसवली की गाडीचा स्वभावच पालटतो. ती हळूच सुटते, वळणावर चाकांना जोडणारे दांडे सावकाश फिरताना दिसतात, स्टेशनात येताना रेंगाळते.

मग वजन. प्लॅस्टिकचं इंजिन हलकं असतं. चार डबे लावले की चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून चालत्या चाकांच्या बरोबर वर शिसं भरतात. मासेमारीच्या गळाच्या गोळ्या यासाठी उत्तम. किती भरायचं याची कसोटी साधी आहे: इंजिन हाताने अडवून ठेवलं तर चाकं घसरली पाहिजेत, मोटर अडकता कामा नये. वजन इतकं झालं की चाकं घसरायच्या आधी मोटरच थांबते, तर गिअरचे दात किंवा मोटरची गुंडाळी जाणार हे नक्की. याच वेळी मोटर किती अँपिअर ओढते ते मोजून ठेवावं. वेगनियंत्रक आणि फ्यूज त्या आकड्यावरून ठरतात.

आवाजाचाही नाद या मंडळींना मोठा. दोन सिलिंडरचं वाफेचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा ‘छक’ करतं. आसावर चार छोटे लोहचुंबक आणि शेजारी एक सेन्सर लावला की आवाज चाकाशी तंतोतंत जुळतो, आणि चढावर गाडी मंदावली की तोही मंदावतो. स्पीकर धुराड्याखालच्या पोकळीत बसतो.

मराठी माणसाला रेल्वेच्या प्रतिकृतींचं वेड नवं नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय किती पिढ्यांनी डोळे विस्फारून पाहिलं आहे. ती रेल्वे घरातली, लहान मापाची. अंगणात, कुंड्यांमधून, तुळशीवृंदावनाला वळसा घालून धावणारी गाडी आपल्याकडे अजून फारशी दिसत नाही. आपल्या पावसाळ्यात रुळातून वीज नेण्याचा हट्ट धरला तर ती दिसणारही नाही. बॅटरीवर ती सहज शक्य आहे.

तेव्हा मुलं मोठी झाली म्हणून माळ्यावर टाकलेली आगगाडी असेल, तर भंगारात देण्याआधी तिचे स्क्रू उघडून बघा. चाकं गोल फिरतात का, आस सरळ आहे का, बॉडीत सेलना जागा होते का, एवढं पाहिलं तरी पुरे. पहिल्या इंजिनाला लिथियम घालू नका. निकेल-मेटल हायड्राइडचे सहा पेन्सिल सेल ७.२ व्होल्ट देतात, चुका बऱ्याच सोसतात आणि २००० मिलिअँपिअर-तासांचे असतील तर अर्धा अँपिअर ओढणारी गाडी तीन तास तरी चालवतात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला, टोकाच्या शक्य तितक्या जवळ लावा. आणि चार्जिंग करताना सेल इंजिनाबाहेर काढून फरशीवर ठेवा.